चाचणी जुलैत घ्या : ह्युमनॉइड रोबोटबद्दल कोकणातल्या गोदामचालकांना खुले पत्र

प्रति,
कंटेनर फ्रेट स्टेशन व गोदामांचे मालक, चालक आणि व्यवस्थापक,
उरण, द्रोणागिरी, पनवेल, पेण
तसेच रत्नागिरीचे आंबा पॅकहाऊसवाले

विषय : मालाच्या चढ-उतारासाठी दोन पायांचे (ह्युमनॉइड) रोबोट घेण्याआधी

स. न. वि. वि.

दोन पायांवर चालत येऊन क्रेट उचलणारा आणि बेल्टवर ठेवणारा रोबोट तुमच्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. काहींच्या टेबलावर त्याचं कोटेशनही येऊन पडलं असेल. अटल सेतू झाला, नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, वर वाढवणचं बंदर उभं राहतंय. माल वाढणार, आणि हमालांच्या टोळीत नवी पोरं यायला तयार नाहीत. तुमची अडचण खरी आहे. आम्ही कन्व्हेयर, स्टॅकर आणि एएमआर (स्वतः वाट काढत फिरणाऱ्या चाकांच्या गाड्या) बसवणारी आणि सांभाळणारी मंडळी आहोत. आमचं मागणं एवढंच : डेमो बघून सही करू नका. स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या मालावर, जुलै महिन्यात चाचणी घ्या आणि तिचे आकडे करारात घाला.

यंत्राला आमचा विरोध नाही. मे महिन्यात उन्हात तापलेल्या चाळीस फुटी कंटेनरमध्ये शिरून खोकी काढणं हे काम कोणी जन्मभर करावं असं नाही. तिथे यंत्र यायलाच हवं. पण कोणतं, आणि कशानंतर कोणतं, यावर पैसे वाचतात किंवा बुडतात.

हे रोबोट आज पगारी काम नक्की कुठे करतात ते आधी पाहा. गोदामातलं सर्वांत जास्त बोललं जाणारं उदाहरण अजिलिटी रोबोटिक्सच्या ‘डिजिट’चं. उंची पावणेदोन मीटर, वजन ६५ किलोच्या आसपास, उचलणार १६ किलो. जून २०२४ मध्ये जीएक्सओ लॉजिस्टिक्सने अनेक वर्षांचा करार करून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात फ्लॉवरी ब्रँच इथल्या गोदामात तो कामाला लावला. काम एकच : एएमआरवरचा प्लास्टिकचा क्रेट उचलायचा आणि कन्व्हेयरवर ठेवायचा. गोदाम कपड्यांचं, क्रेट ठरलेल्या मापाचे, फरशी सपाट, आणि रोबोटची जागा माणसांपासून वेगळी राखलेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने एक लाख क्रेटचा टप्पा पार केल्याचं जाहीर केलं.

आता भागाकार करा. सतरा महिन्यांत एक लाख म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या आत. आपल्याकडे लहान खोक्यांचा चाळीस फुटी कंटेनर आला तर हजार-बाराशे नग सहज निघतात. म्हणजे तो सगळा हिशोब महिन्याला पाच-सहा कंटेनरचा झाला. रोबोटचा कमाल वेग यापेक्षा जास्त आहे आणि सुरुवातीचे अडखळते महिने त्यात धरलेले आहेत, हे मान्य. तरीही कोटेशनमध्ये ‘तासाला इतके नग’ असं लिहिलेलं दिसलं की हा भागाकार आठवा.

दुसरं उदाहरण फिगर कंपनीचं. त्यांचा रोबोट बीएमडब्ल्यूच्या स्पार्टनबर्ग कारखान्यात पत्र्याचे भाग उचलून वेल्डिंगच्या जिगवर (भाग जागी धरणाऱ्या साच्यावर) ठेवत होता. त्या कामाचा अहवाल कंपनीने प्रसिद्ध केला, आणि त्यात सर्वांत जास्त बिघाड कोपर ते मनगट या भागात झाल्याचं प्रांजळपणे लिहिलं. कारण समजण्यासारखं आहे. माणसाच्या हाताएवढ्या जाडीत मनगट फिरवणाऱ्या मोटारी, गिअर आणि वायरिंग कोंबलेलं असतं. उष्णता बाहेर पडायला जागा नसते, आणि वायर दर फेरीला त्याच जागी वाकते. स्पेअर मागवताना आधी हात मागवा, पाय नंतर.

तिसरं उदाहरण स्वस्ताईचं, आणि फसगत इथेच जास्त होते. युनिट्री जी-१ हा चिनी रोबोट २०२४ मध्ये १६,००० डॉलरपासून पुढे विकायला आला. आकडा ऐकून हुरूप येतो. पण त्याची उंची १.३ मीटरच्या आसपास, वजन ३५ किलो, बॅटरी सुमारे दोन तासांची, आणि हातात पेलणार दोन-तीन किलो. संशोधनासाठी आणि कॉलेजांसाठी ते उत्तम यंत्र आहे. डॉकवर त्याला ठेवाल तर टोळीची करमणूक होईल, दुसरं काही नाही.

वजनाचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण आपला माल क्रेटमध्ये येत नाही. तांदळाची गोणी २५ किंवा ५० किलोची, सिमेंटची ५०, कच्च्या काजूचं ज्यूटचं पोतं ८० किलोच्या घरात. हमाल पोतं पाठीवर घेतो तेव्हा वजन त्याच्या कमरेच्या आणि पावलांच्या जवळजवळ वर येतं. रोबोट ते पुढे, दोन हातांत धरतो. घोट्यापासून ४५ सेंटिमीटर पुढे धरलेला १६ किलोचा क्रेट ६५ किलोच्या रोबोटचा एकूण गुरुत्वमध्य सुमारे ९ सेंटिमीटर पुढे ओढतो. तेवढं तो मागे झुकून सावरतो. त्याच जागी ५० किलोची गोणी दिली तर गुरुत्वमध्य जवळजवळ २० सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे पावलाच्या टोकाच्याही पलीकडे. सॉफ्टवेअर कितीही सुधारलं तरी हे गणित बदलत नाही. त्यासाठी यंत्र जड करावं लागतं किंवा पाय जाऊन चाकं यावी लागतात. अ‍ॅप्ट्रॉनिकच्या ‘अपोलो’ची क्षमता २५ किलो सांगितली जाते. कागदावर ती या वर्गातली चांगली आहे, पण ती ताठ बाजू असलेल्या खोक्यासाठी. गोणीला बाजूच नसते. दोन्हीकडून दाबलं की आतला तांदूळ सरकतो, वजन एका हाताकडे जातं आणि पकड सुटते. वरून शिवणीत धरलं तर शिवण उसवते. थप्पीतली गोणी ओढून काढताना शेजारची सोबत येते, हे तर टोळीतल्या कोणालाही विचारा.

म्हणून पहिली अट : तुमचा माल वजन आणि वेष्टन यांनुसार मोजा. एका महिन्याच्या नोंदी काढा, १५ किलोच्या आतली ताठ खोकी किती टक्के आहेत ते पाहा. उरलेल्या मालासाठी ह्युमनॉइडचा विचार आज करू नका.

दुसरी गोष्ट जमीन आणि कंटेनर. कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. डॉक लेव्हलरची (धक्का आणि कंटेनर जोडणाऱ्या उताराची) पट्टी आणि कंटेनरची फळी यांच्यात नेहमी उंचवटा असतो, आणि माल कमी होत गेला की ट्रेलर स्प्रिंगवर वर येतो, म्हणजे तो उंचवटाही बदलतो. आतल्या प्लायवूडला भेगा, जुने खिळे, लॅशिंगच्या दोऱ्या. आतल्या टोकाला अंधार, आणि दारातून येणारा उजेड कॅमेऱ्याला आंधळं करतो. पत्र्याची शेड आणि लोखंडी कंटेनर यांमुळे वायफाय खोलवर पोहोचत नाही. नेटवर्क तुटल्यावर रोबोट काय करतो, हा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा. जागच्या जागी उभा राहतो, गुडघ्यावर बसतो की हातातलं खोकं टाकतो? तिन्हींचे परिणाम वेगळे.

आता हवा. पुण्याच्या एसी हॉलमध्ये जानेवारीत दिसलेलं यंत्र आणि करंजाच्या खाडीलगतच्या शेडमध्ये जुलैत उभं असलेलं यंत्र, यांची तुलनाच होत नाही. कोटेशनवर आयपी-५४ किंवा आयपी-६५ असं लिहिलेलं असतं. ती चाचणी धूळ आणि पाणी यांची आहे, आणि पाणी गोडं. खाऱ्या हवेचा तिच्याशी संबंध नाही. त्यासाठी आयईसी ६००६८-२-५२ ही मिठाच्या धुक्याची वेगळी चाचणी असते. सुट्या भागावर नव्हे, जोडलेल्या कनेक्टरसकट हातावर ती झाल्याचं प्रमाणपत्र मागा. सर्किटच्या पाट्यांवर संरक्षक कोटिंग आहे का, आणि कूलिंग पंखा बाहेरची हवा थेट आत ओढतो का, हेही विचारा. पंखा असेल तर त्याबरोबर मीठ आणि ज्यूटचे तंतू आत जाणारच. आधी एन्कोडरची (सांध्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरची) जोडणी काळवंडते. मग सांधा अधूनमधून चुकीचा कोन सांगू लागतो, आणि रोबोट विनाकारण थांबू लागतो. हा दोष पटकन सापडत नाही, कारण कनेक्टर काढून परत बसवला की चार दिवस सगळं सुरळीत चालतं.

चार्जिंगच्या खोलीत एसी लावण्याचा सल्ला सगळे देतात. तो आपल्याकडे उलटतो. बाहेर ३० अंश आणि ९० टक्के दमट हवा असेल तर तिचा दवबिंदू २८ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशांच्या खोलीत रात्रभर गार झालेला रोबोट सकाळी शेडमध्ये आला की त्याच्या धातूवर, कॅमेऱ्याच्या काचेवर आणि आतल्या पाट्यांवर पाणी धरतं. तेव्हा खोली गार करू नका, कोरडी करा. डिह्युमिडिफायर लावा, आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा, तापमान शेडएवढंच किंवा एखाद-दोन अंश जास्त राहू द्या. मे महिन्यात मात्र पत्र्याखालची खोली तापते, आणि ४५ अंशांवर लिथियम बॅटरी चार्ज करणं तिच्या आयुष्याला मारक आणि धोक्याचं. तेव्हा खोलीला पत्रा नको, स्लॅब हवा.

एक धोका कोटेशनमध्ये कुठेच नसतो : धुरी. धान्य, कच्चा काजू, मसाले यांच्या कंटेनरमध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकलेल्या असतात, त्यातून फॉस्फीन वायू निघतो. माणसासाठी तो प्राणघातक, म्हणून दार उघडून, हवा खेळवून, मीटरने मोजूनच आत जायचं असतं. ‘मग रोबोटच पाठवू या’ ही कल्पना सुचणं साहजिक आहे. पण दमट हवेत फॉस्फीन तांबं आणि पितळ खातो, आणि रोबोटची प्रत्येक वायर तांब्याची. धुरीचा कंटेनर रोबोटसाठीही तेवढाच वेळ उघडा ठेवावा लागेल.

सुरक्षेवर थोडं थांबू, कारण इथे फोर्कलिफ्टचा अनुभव कामाला येत नाही. फोर्कलिफ्टचं किंवा एएमआरचं लाल बटण दाबलं की यंत्र थांबतं. दोन पायांच्या रोबोटचा वीजपुरवठा तोडला तर तो पडतो. उभं राहण्यासाठीच त्याला सतत वीज आणि गणित लागतं. औद्योगिक रोबोटचं आयएसओ १०२१८ हे मानक २०२५ मध्ये नव्याने आलं, पण स्वतःचा तोल सांभाळत फिरणाऱ्या यंत्रांसाठीचं वेगळं मानक, आयएसओ २५७८५-१, तयार होण्याच्या टप्प्यात आहे. ते हातात येईपर्यंत ‘माणसांच्या बरोबरीने काम करतो’ या वाक्यावर विसंबू नका. रोबोटभोवती कुंपण किंवा लाइट कर्टन (कोणी आत आलं की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा) हवं. पावणेदोन मीटरचा रोबोट क्रेट धरून आडवा झाला तर अडीच मीटरपर्यंत पोहोचतो, तेवढी जागा सर्व बाजूंनी मोकळी हवी. कंटेनरच्या आत ती मिळणं अशक्य. म्हणजे रोबोट आत असताना माणूस आत जाणार नाही, एवढा एकच नियम उरतो.

आणि तो पडणारच, हे धरून चाला. ६५ किलोचं, कुठे धरावं हे न कळणारं यंत्र दोघातिघांनी हाताने उचललं तर कोणाची तरी बोटं सांध्यात सापडतात. चाकांची लोखंडी घोडी, २५० किलोचा चेन पुली ब्लॉक आणि कंपनीने दाखवलेल्या जागीच लावायचे पट्टे, हे रोबोटच्या आधी शेडमध्ये आलं पाहिजे. पडलेल्या रोबोटची बॅटरी काढून मालापासून दूर, बाहेर पण पावसापासून आडोशाला ठेवा आणि किमान एक दिवस तिच्यावर लक्ष ठेवा. फुगली, गरम झाली किंवा गोडसर वास आला तर परत बसवायची नाही.

चाचणी कशी घ्यायची, तर अशी. १५ जून ते १५ ऑगस्ट यांमधले सलग तीस दिवस, दोन्ही पाळ्या. माल विक्रेत्याने निवडायचा नाही. शंभर खोक्यांत दहा फाटकी, ओली, टेप सुटलेली किंवा लेबल खाली गेलेली असू द्या, कारण पावसाळ्यात एवढी निघतातच. प्रत्येक तासाला चार नोंदी : नग किती नीट ठेवले, किती पाडले, माणसाला किती वेळा हात घालावा लागला आणि यंत्र किती मिनिटं बंद होतं. विक्रेत्याचा इंजिनिअर शेजारी उभा राहून जे करतो तेही ‘हात घालणं’च धरा. त्याने चहाला जाऊन यावं, आणि त्या अर्ध्या तासाचे आकडे वेगळे लिहावेत.

एकदा न सांगता दहा मिनिटं इंटरनेट बंद करा. रोबोट चालू राहिला तर ठीक. थबकला तर दूर कुठेतरी बसलेला माणूस त्याला हाकत होता का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. दूरून हाकणं गुन्हा नाही, पण मग त्या माणसाचा पगारही दरात धरायला हवा आणि कॅमेऱ्याचं चित्र कुठे जातं ते कळायला हवं. सीएफएस, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशन, हे कस्टम्सचं क्षेत्र आहे. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम ४५ खाली आणि २००९ च्या कार्गो हाताळणी नियमांखाली मालाची जबाबदारी कस्टोडियन म्हणून तुमच्यावर येते. आयातदाराचा माल, मार्का आणि कंटेनर नंबर दिवसभर टिपणारे कॅमेरे परदेशी सर्व्हरला जोडायचे की नाही, हे आधी तुमच्या कस्टम्स अधिकाऱ्यांशी बोला. रोबोटने पाडलेल्या खोक्याचा दावा कोण भरणार, हेही करारात घाला.

दर काढताना महिन्याचं भाडं, वीज, देखरेखीच्या माणसाचा पगार, कुंपण आणि कोरडी खोली यांची बेरीज करा आणि तिला नीट ठेवलेल्या नगांनी भागा. कंपनीच्या कमाल वेगाने भागू नका. स्पेअरमध्ये एक पूर्ण हात, पावलांचे दोन जोड, प्रत्येक रोबोटमागे एक जादा बॅटरी आणि एक जादा चार्जर तुमच्या आवारात विक्रेत्याच्या खर्चाने पडून असावा. न्हावा-शेव्याच्या दारात बसून मनगटाचा गिअर कस्टम्स क्लिअरन्समध्ये अडकला म्हणून यंत्र तीन आठवडे उभं राहणं, यासारखी थट्टा नाही.

बहुतेक गोदामांना खरी गरज आधी दुसऱ्या गोष्टींची आहे, आणि ही यादी ह्युमनॉइडपेक्षा कंटाळवाणी आहे. पहिल्यांदा माल १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर आणायला आयातदाराला भाग पाडा, निदान नेहमीच्या आयातदाराला. पॅलेटवरचा कंटेनर फोर्कलिफ्टने रिकामा होतो, सुट्या खोक्यांचा टोळीला अर्धी पाळी खातो. पॅलेट शक्य नसेल तर कंटेनरच्या आतपर्यंत लांबणारा टेलिस्कोपिक बेल्ट घ्या. चालणं संपतं, माणसाला फक्त खोकं बेल्टवर सरकवायचं उरतं. गोण्यांसाठी व्हॅक्यूम लिफ्टर लावा. वजन यंत्र पेलतं, दिशा माणूस देतो. लॅमिनेटेड गोणीवर तो चांगला चालतो, ज्यूटवर नाही, कारण ज्यूटमधून हवा निसटते. सुट्या खोक्यांचे कंटेनर रोज येत असतील तर बोस्टन डायनॅमिक्सच्या ‘स्ट्रेच’सारखं चाकांवरचं यंत्र बघा : एकच हात, पुढे सक्शन, २३ किलोपर्यंत वजन, जड बैठक म्हणून पडण्याची भीती नाही. डीएचएलने मे २०२५ मध्ये आणखी हजार रोबोटसाठी सामंजस्य करार केला तो या यंत्रासाठी, आणि त्याला पाय नाहीत. हे सगळं झाल्यावर एएमआर आणि बेल्ट यांच्यामधलं क्रेट उचलण्याचं जे काम उरेल, ते ह्युमनॉइडला द्या. ऑनलाइन ऑर्डरच्या गोदामांत ते उरतं. सीएफएसमध्ये क्वचित.

टोळीबद्दल. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे, आणि माथाडी मंडळाचा निधी लेव्हीतून (मालकाने भरायच्या अंशदानातून) येतो, लेव्ही मजुरीवर लागते. मजुरी घटली की मंडळाकडे जमा होणारी रक्कमही घटते. म्हणून यंत्र आणण्याचा विषय मंडळापुढे आणि संघटनेपुढे आधी ठेवा, यंत्र उतरल्यावर नव्हे. उरण-पनवेलमध्ये ज्यांच्या जमिनी बंदराला आणि शहराला गेल्या त्यांचीच मुलं या शेडमध्ये कामाला आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठीचं १९८४ चं आंदोलन इथे कोणी विसरलेलं नाही. देखरेखीचं, बॅटरी बदलण्याचं आणि पडलेलं यंत्र उचलण्याचं काम टोळीतल्या माणसांना आणि इथल्या आयटीआयच्या मुलांना शिकवण्याचा खर्च विक्रेत्याच्या बिलात घाला. यात निव्वळ उपकार नाही. कोणत्या कंपनीचं खोकं तळातून फुटतं आणि कोणती गोणी ओली झाली की निसटते, हे मुकादमाला माहीत असतं, विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरला नाही.

रत्नागिरीच्या पॅकहाऊसवाल्यांसाठी थोडक्यात : घेऊ नका. तुमचा हंगाम मार्च ते मे, पेटी लाकडी आणि मापाला जरा मागेपुढे, आत पेंढा, फळ नाजूक. पुढचे नऊ महिने यंत्र बंद पडून राहील, आणि खाऱ्या हवेत बंद यंत्र चालू यंत्रापेक्षा लवकर गंजतं, कारण चालताना येणारी ऊब आतला ओलावा हाकलते. तेवढ्या पैशात वजनानुसार प्रतवारी करणारी लाइन आणि एक चांगला रोलर कन्व्हेयर येतो.

उरणच्या मंडळींनी चाचणीचा तक्ता आत्ताच छापून ठेवावा. रोजच्या पानावर पाळीच्या शेवटी दोन सह्या असाव्यात : एक विक्रेत्याच्या इंजिनिअरची, दुसरी मुकादमाची. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर त्या दिवसाचं भाडं रोखून धरण्याचं कलम करारात असू द्या.

कळावे,
गोदामांची यंत्रणा बसवणारे व सांभाळणारे तंत्रज्ञ,
उरण, पनवेल व रत्नागिरी